धरण २१४ मीटर, मग आपलं शेत किती? नदीची पातळी मोजतात कशी आणि वाचायची कशी

पावसाळ्यात खानदेशातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. हतनूर धरणाची पातळी अमुक मीटर, इतके दरवाजे पूर्ण उघडे, विसर्ग इतके क्युसेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. मेसेज सगळे वाचतात आणि पुढेही पाठवतात. पण थडीवर मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला त्यातून नेमकं काय कळतं? दरवाज्यांचा आकडा मोठा असला की धास्ती, लहान असला की धीर. हतनूरला तर ४१ दरवाजे आहेत, त्यामुळे हा आकडा नुसता ऐकायलाही मोठा वाटतो. कामाची माहिती असते ती मीटरच्या आकड्यात. मात्र तो आकडा उपयोगी पडायचा तर आपल्या बांधाचा, घराच्या जोत्याचा, मोटरीच्या ओट्याचाही आकडा माहीत पाहिजे.

मीटर म्हणजे खोली नव्हे

हतनूरची पूर्ण संचय पातळी २१४ मीटर आहे. याचा अर्थ धरणात २१४ मीटर खोल पाणी असतं असा नाही, तरी गावात बरेच जण तसंच समजतात. २१४ मीटर ही पाण्याच्या पृष्ठभागाची समुद्रसपाटीपासूनची उंची. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात उंची लिहिलेली असते, तीही याच मापाची. जळगाव, भुसावळ ही गावं दोनशे मीटरच्या थोडी वर आहेत. म्हणजे स्टेशनची पाटी आणि धरणाची पातळी एकाच फूटपट्टीने मोजलेली आहे आणि दोन्हींची थेट तुलना करता येते.

तापीचा सगळा प्रवास या फूटपट्टीवर मांडता येतो. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ नदी उगम पावते, ती ७५२ मीटर उंचीवर. हतनूरला भरलेल्या धरणाचं पाणी २१४ मीटरवर असतं. तिथून खाली शेळगाव, पाडळसरे, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे टप्पे करत पाणी गुजरातच्या उकाई धरणात जातं. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. फूट वाचून गोंधळायला नको, ते साधारण १०५ मीटर होतात. म्हणजे हतनूर आणि उकाई दोन्ही भरलेली असतील तर दोन्हींच्या पाण्यात सुमारे १०९ मीटरचा फरक असतो. एका बातमीत मीटर आणि दुसऱ्या बातमीत फूट असले की लोक ३४५ मोठा की २१४ मोठा यावर वाद घालतात. आधी एकक पाहावं. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट.

समुद्रसपाटी तरी कुठली, हाही प्रश्न येतोच. समुद्र रोज वर-खाली होतो. इंग्रज काळात मुंबईसह नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षं घेऊन त्यांची सरासरी काढली गेली आणि ती पातळी शून्य धरली. तिच्या आधारे देशभर नेलेल्या उंचीच्या जाळ्याचं पहिलं काम १९०९ पर्यंत पुरं झालं. भारतीय सर्वेक्षण विभागाने ही उंची रस्त्यारस्त्याने, रेल्वेमार्गाने आत आणली आणि जागोजागी पक्क्या खुणा केल्या. जुन्या पुलाच्या कठड्यावर, सरकारी विश्रामगृहाच्या पायरीवर, स्टेशनच्या इमारतीत अशी खूण कोरलेली सापडते. तिला बेंचमार्क म्हणतात. रस्ता रुंद करताना, जुना पूल पाडताना या खुणा निघून जातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पुढच्या मोजणीला मग लांबून लेव्हल आणावी लागते.

लेव्हल कशी काढतात

पाटबंधारे खात्याची किंवा ठेकेदाराची माणसं तिपाईवर दुर्बीण लावून उभी असतात आणि एक जण लांब पट्टी धरून चिखलातून फिरत असतो, हे दृश्य नदीकाठी सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ती दुर्बीण म्हणजे लेव्हल आणि ती पट्टी म्हणजे स्टाफ. दुर्बिणीची नजर एका सपाट रेषेत जाते, वर नाही की खाली नाही. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरतेच आहेत. रस्त्याच्या मोरीवर माहीत असलेली खूण आहे, तिची उंची २१६.३५० मीटर. स्टाफ त्या खुणेवर ठेवला, दुर्बिणीतून १.२४० वाचलं. म्हणजे दुर्बिणीची नजर २१७.५९० मीटरवर आहे. आता स्टाफ शेताच्या बांधावर नेला, वाचन ३.११५ आलं. २१७.५९० मधून ते वजा केलं की बांधाची उंची निघते २१४.४७५. पुढे मोटरीच्या ओट्यावर ३.८९० वाचलं, म्हणजे ओटा २१३.७०० वर. याच आकड्यांवरून लगेच कळतं की धरण २१४ ला भरलं तर बांध जेमतेम दीड फूट कोरडा राहील आणि ओटा एक फूट पाण्यात जाईल.

स्टाफ जितका वर वाचला जातो तितकी जागा खोल, हे ध्यानात ठेवलं की निम्मं काम झालं. लांब जायचं असेल तर दुर्बीण पुढे पुढे हलवतात आणि शेवटी परत पहिल्या खुणेवर किंवा दुसऱ्या बेंचमार्कवर येऊन हिशेब जुळतो का ते पाहतात. न जुळलेली मोजणी पुन्हा करायची असते. हा परतीचा फेरा कंटाळवाणा असतो, उन्हात टाळलाही जातो, आणि पुढचे घोळ तिथूनच सुरू होतात. म्हणून कुणी शेताची लेव्हल काढून दिली तर कुठल्या खुणेवरून आणली आणि परत जुळवली का, हे दोन प्रश्न विचारावेत.

नदीची मोजणी करताना काठापासून काठापर्यंत आडवा छेद घेतात, ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा. कोरड्या भागात स्टाफ चालतो, खोल पाण्यात नावेवरून आवाजाच्या लहरी तळाला पाठवून खोली काढतात. असे शेकडो छेद जोडले की नदीचा तळ, काठ आणि उतार कागदावर येतो. पुरात किती पाणी आलं तर ते कुठवर चढेल, याचा अंदाज या छेदांवर उभा असतो. तळ बदलला तर अंदाजही बदलावा लागतो. वाळूचा उपसा झाला, गाळ साचला, काठ ढासळला की जुने छेद खोटे पडतात.

पातळी तीच, पाणी कमी

गाळाचा मुद्दा हतनूरसाठी जिव्हाळ्याचा आहे. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवजवळ होतो आणि तिथलं सगळं पाणी हतनूरच्या फुगवट्यात येतं. पूर्णा विदर्भातल्या काळ्या जमिनीतून वाहत येते, तिच्या पुराचं पाणी चहासारखं असतं. हतनूरचा मूळ एकूण साठा ३८८ दलघमी धरलेला होता. पण तळाशी गाळ बसत गेला की २१४ मीटरला पाणी पोचूनही आत मावतं कमी. भिंतीवरच्या पट्टीला हे दिसत नाही, पट्टी पाण्याचा माथा दाखवते, तळ दाखवत नाही. म्हणून जलाशयाची गाळमोजणी वेळोवेळी करून पातळी आणि साठ्याचा तक्ता नव्याने बांधावा लागतो. बातमीत ‘धरण शंभर टक्के’ असं येतं तेव्हा ती टक्केवारी कोणत्या तक्त्यावरून काढली, हे विचारण्याजोगं आहे. भुसावळ, रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या पिण्याच्या पाण्याचं आणि केळीचं गणित त्याच्याशी जोडलेलं आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला हतनूरचे दरवाजे उघडे ठेवून पातळी मुद्दाम खाली राखतात, त्यामागे पुराला जागा ठेवणं आणि गाळाचं पाणी पुढे जाऊ देणं ही दोन्ही कारणं आहेत. धरण पूर्ण पातळीपर्यंत भरायचं ते पावसाळा सरताना. त्यामुळे जुलैत सगळे दरवाजे उघडे दिसले तरी दरवेळी महापूर असतो असं नाही.

फुगवट्याच्या कडेची जमीन

जमीन सपाट असेल तिथे पातळीतला थोडा फरक फार मोठा पडतो. काठाचा उतार दर २०० मीटरला १ मीटर असा असेल, तर धरणाची पातळी अर्धा मीटर चढली की पाण्याची कड १०० मीटर आत सरकते. कंबरेइतकंही पाणी वाढलेलं नसतं, पण एखाद्याचा अख्खा तुकडा पाण्याखाली जातो. उन्हाळ्यात हेच उलट होतं. पातळी उतरली की गाळाची ओली जमीन उघडी पडते, तिच्यावर गाळपेर होते. अशा पेऱ्यात कलिंगड, काकडी, भाजीपाला चांगला येतो, फक्त पाणी परत कधी चढणार हे ध्यानात ठेवून पेरावं लागतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना खोटी वाटते. धरणाच्या भिंतीजवळ पातळी २१४ मीटर असली तरी पुराच्या वेळी फुगवट्याच्या वरच्या टोकाला पाणी त्याहून उंच असू शकतं. साचलेलं पाणी सपाट असतं, पण वाहतं पाणी उतार घेऊनच वाहतं. वरून मोठा लोंढा येत असताना संगमाकडे पाण्याचा माथा भिंतीजवळच्या माथ्यापेक्षा वर राहतो. म्हणून धरण भरलेलं नसतानाही आपल्या शेतात पाणी कसं आलं, ही तक्रार नेहमी अतिशयोक्तीची नसते. पाणी संपादनाच्या रेषेच्या वर आलं की खाली, हे लेव्हल लावूनच ठरतं. बुडीत रेषेचे दगड जागेवर असतील तर काम सोपं. नांगरताना ते उपटून बांधाला टाकलेले असतील तर वाद वर्षानुवर्षं चालतो.

मोटरीचं दुखणं

तापीचे काठ उंच आहेत, गाळाच्या मातीचे आणि कोतरांनी फाटलेले. नदी भरून वाहत असली तरी शेत तिच्यापासून उंचच राहतं, म्हणून इथे पाटाने नाही तर उपशाने पाणी घ्यावं लागतं. काठावर ठेवलेल्या साध्या मोटरीची ओढ प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे चालत नाही. पंप कितीही मोठा घ्या, हवेचा दाबच तेवढा आहे. नदीची पातळी उन्हाळ्यात तीन मीटर उतरली की काल चालणारी मोटर आज हवा धरते. मग ओटा खाली न्यायचा, आणि पावसाळ्यात पहिल्या पुरात तोच ओटा बुडतो. बंधाऱ्याची पूर्ण पातळी, उन्हाळ्यातली नीचांकी पातळी आणि मागच्या मोठ्या पुराची पातळी, हे तीन आकडे हाती असतील तर ओटा कुठे बांधायचा आणि मोटर सरकती ठेवायची की पाणबुडी घ्यायची, हे एकदाच ठरवता येतं.

उंचीचा पैशाशी थेट संबंध आहे. दहा लाख घनमीटर, म्हणजे १ दलघमी पाणी फक्त १ मीटर उचलायला गणिताने सुमारे २,७२५ युनिट वीज लागते, पंप-मोटरीतली गळती धरली तर त्याहून बरीच जास्त. तापीचं पाणी धुळे जिल्ह्याच्या वरच्या भागात नेणाऱ्या सुलवाडे-जामफळसारख्या योजनेत पहिली मोजणी उंचीची का असते, ते यावरून समजावं.

पांझरेने शिकवलेलं

धुळे जिल्ह्यात साक्रीपासून खाली पांझरा नदीवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याने पाणी थोडं उचलायचं, पाटात घालायचं आणि ते आपल्या उताराने फडापर्यंत न्यायचं, ना मोटर ना वीज. बंधाऱ्याचा माथा वीतभर चुकला तरी शेवटच्या फडाला पाणी पोचणार नाही, एवढं हे काम नाजूक. शेकडो वर्षांपूर्वी दुर्बीण नव्हती. पाणी सोडून, ते कुठवर चढतं ते पाहत पाट खोदले असणार, दुसरा मार्ग दिसत नाही. पाटकरी, जागल्या, हवालदार ही माणसं ते पाणी वाटत. वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, नदीचा बारमाही झरा आटला आणि बरेच फड मोडले.

हीच पांझरा पुरात मात्र वेळ देत नाही. १८७२ च्या अचानक आलेल्या पुराने धुळे शहराचं मोठं नुकसान केलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये अक्कलपाडा धरणातून विसर्ग वाढल्यावर पांझरेचं पाणी पुन्हा धुळ्यात काठच्या भागात शिरलं. चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांनी एका रात्रीत बाजारपेठ आणि नदीकाठच्या वस्त्या गाठल्या, शेकडो गुरं गेली. तापीसारख्या मोठ्या नदीचा पूर वरून खाली यायला वेळ घेतो, लहान नदीचा पूर डोंगरातल्या पावसानंतर काही तासांत दारात असतो. मोठ्या नदीसाठी केलेला इशारा लहान नदीला पुरत नाही.

पट्टी, क्युसेक आणि इशारा

पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर रंगवलेली पट्टी असते, तिच्यावर पावसाळ्यात तासातासाला नोंद घेतात. तापीवर भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा इथे केंद्रीय जल आयोगाची मोजणी चालते. पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे ठरलेलं असतं, त्यात पट्टीचं वाचन मिळवलं की नदीची खरी पातळी मिळते. पातळीवरून विसर्ग काढायला वेगळा तक्ता असतो, आणि तो तळ बदलला की सुधारावा लागतो.

एककांचा घोळ इथेही आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. घाईत एकाच्या जागी दुसरा शब्द टाकला की पूर पस्तीसपट होतो किंवा तेवढाच लहान. साठ्यात १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. ऑगस्ट २००६ च्या सुरत महापुरात उकाईतून ९ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं होतं, मोठा आकडा म्हणजे किती मोठा, याला हे एक माप.

जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया हे मोबाईल अ‍ॅप २०२३ मध्ये आलं. त्यात ठरावीक केंद्रांची पातळी, इशारा पातळी आणि धोका पातळी दिसते. आपल्या गावाजवळचं वरचं केंद्र कोणतं ते पाहून ठेवावं, पूर वरून खाली येतो.

निळी रेषा, लाल रेषा

घर किंवा प्लॉट घेताना या दोन रेषा विचारल्याच पाहिजेत. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर चढतो ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा चढतो ती लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ आता आला म्हणजे पुढची २५ वर्षं निवांत, असा नाही. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता शेकडा ४ असते, लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. लहान नद्या-नाल्यांवर अशी रेषा आखलेली आहे का, हे जलसंपदा विभागाच्या कार्यालयात विचारावं. प्लॉट विकणारा सहसा स्वतःहून सांगत नाही.

मोबाईलवरची उंची

आता बरेच जण म्हणतील, मोबाईलमध्ये जीपीएस आहे, उंची तिथेच दिसते. दिसते, पण या कामाला चालत नाही. एक तर तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि इथे प्रश्न वीतभराचा आहे. दुसरं, काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता उपग्रहाच्या गणिती पृथ्वीपासूनची उंची दाखवतात. आपल्या भागात ती खऱ्या उंचीपेक्षा ५० मीटरहून जास्त कमी येते. २१४ मीटरवरचं शेत दीडशेच्या आसपास दिसलं की माणूस घाबरतो, शेत धरणाच्या तळाखाली गेलं की काय म्हणून. सॅटेलाइट नकाशावरची उंचीही अंदाजापुरतीच.

त्यापेक्षा गवंड्याची पाण्याची नळी बरी. पारदर्शक नळीत पाणी भरलं, मधे हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, की दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीला येतं. ओळखीच्या खुणेवरून घराच्या जोत्यापर्यंत उंची अशी टप्प्याटप्प्याने आणता येते. आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून लेव्हलवाला बोलावला तर एका दिवसात थडीवरचे सगळे ओटे आणि बांध मोजून होतात. आकडा ऑइल पेंटने ओट्यावरच लिहून ठेवायचा.

पूर येऊन गेल्यावर भिंतीवर, झाडाच्या खोडावर चिखलाची रेघ उरते. पुढच्या पावसात ती धुऊन जाते, म्हणून त्याच दिवशी खिळा ठोकून किंवा रंगाने खूण करावी, शेजारी तारीख आणि पाणी सर्वांत वर होतं ती वेळ लिहावी, सोबत फोटो काढावा. एकाच जागी नको, देऊळ, शाळा, पाण्याची टाकी अशा तीन-चार पक्क्या ठिकाणी खुणा असाव्यात. पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्याला त्या दाखवता येतात, आणि नंतर कधी लेव्हल लागली तर त्या दिवशी पाणी किती मीटरवर होतं, हे दहा वर्षांनीही सांगता येतं.